अनंता गुणाजी, उत्पन्न नाही

छापील पत्रकाला अकरा रकाने होते. इथे ते पत्रकातल्या क्रमानं येत नाहीत, माणसांच्या अंगावर आले त्या क्रमानं येतात. चौथा कुणाच्या अंगावर आलाच नाही. बाकी हकिगत सरळ आहे.

रकाना ७. परमुलखातील वार्षिक उत्पन्न

अनंता गुणाजी कोळी कचेरीत उभा राहिला तेव्हा त्याच्या अंगात धुतलेला सदरा होता आणि डोक्यावर सणाची तांबडी टोपी. बाबाजी कारकुनानं विचारलं, खाडीपलीकडे राहायला गेल्यापासून वर्षाला किती मिळतं. अनंतानं खरं ते सांगितलं.

"मला काय मिळत न्हाय."

बाबाजीनं टाक खाली ठेवला आणि तुकड्या-तुकड्यानं विचारलं. होडी कुणाची? अनंताची. जाळं? अनंताचं. मासळी कोण धरतं? अनंता. ती विकून पैसे येतात ना? येतात की. कुणाकडे येतात? घरातलीकडे. आणि तुझ्याकडे?

"मागितलं तर देते. तंबाखूपुरतं."

बाबाजी देशावरून बदलून आलेला होता. त्याला ठाऊक नव्हतं की या किनाऱ्यावर मासा होडीत असेतोवर पुरुषाचा, आणि टोपली वाळूला टेकली की बाईचा. ती निवडते, विकते, उरलेलं सुकवते, पैसा तिच्याकडेच राहतो. पुरुष भाव विचारत नाही. विचारलाच तर त्याला सांगतात, तू समुद्र बघ. अनंताच्या बापाला उत्पन्न नव्हतं, आजाला नव्हतं. दुसरीकडे कुठे पुरुषांना उत्पन्न असतं हे अनंताला कुणी सांगितलं नव्हतं.

बाबाजीनं वळणदार मोडीत लिहिलं: उत्पन्न नाही. अनंतानं अंगठा उठवला.

परत येताना तो खुशीत होता. घरी आल्यावर बायकोनं, केसरनं विचारलं, काय सांगितलंत? तो म्हणाला, खरं ते. ती म्हणाली, बरं झालं. तिलाही त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

रकाना ३. राहण्याचे ठिकाण

बोरदांडा खाडीच्या दक्षिणेला, संस्थानच्या हद्दीत. शेवरं उत्तरेला, इंग्रजी खालसात. मधे पाणी. भर ओहोटीला या काठावरून हाक मारली तर त्या काठावरचं कुत्रं मान वर करतं. तरी शेवरं हा परमुलूख, आणि बोरदांड्याची केसर तीन वर्षांपूर्वी नवरा, मुलगी, होडी आणि सहा भांडी घेऊन परमुलखात गेली होती.

गेली त्याला कारण होतं. संस्थाननं बोरदांड्याच्या मासळीचा मक्ता येसाजी नावाच्या व्यापाऱ्याला दिला. म्हणजे सगळी मासळी त्यानं एकट्यानं घ्यायची, तो ठरवील त्या भावानं. केसरनं एक महिना दिली. दुसऱ्या महिन्यात टोपली डोक्यावर घेऊन ती तरीच्या होडीत, खाडीवर भाड्यानं ये-जा करणारीत, बसली आणि शेवऱ्याच्या बाजारात जाऊन विकून आली. आठवडाभर हे चाललं. मग नाक्यावरच्या शिपायानं तिची टोपली चिखलात उपडी केली. केसरनं रिकामी टोपली उचलली, धुतली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच टोपलीत भांडी भरली.

खळं मात्र टोपलीत मावणारं नव्हतं.

खळं म्हणजे मासळी सुकवायची चोपलेली जमीन. बोरदांड्याच्या टोकाला, वाऱ्याच्या तोंडावर, केसरची आई गोदूबाई हिनं वयाची वीस वर्षं घालून ते केलं होतं: बावीस खांब, खांबांना आडवे दोर, दोरांवर जबड्यात जबडा अडकवून जोडीनं टांगलेले बोंबील. शेवऱ्याच्या बाजूला सगळी तिवरं आणि चिखल. तिथे बोंबील सुकत नाहीत, कुजतात. म्हणून केसर हंगामात रोज खाडी ओलांडून आपल्याच खळ्यावर परदेशातून येत असे. ताजी मासळी आज खाऊ घालते, सुकी पावसाळाभर. खळं गेलं तर पावसाळ्यात चूल कशावर पेटवायची, हा हिशेब कुणाला मांडून दाखवायला नको.

आणि आता हे पत्रक. संस्थाननं नवा हुकूम काढला होता. शेवऱ्याच्या शाळामास्तरांनी तो वाचून दाखवला: "जे रयत परमुलखात राहतात व ज्यांची जागा संस्थानी हद्दीत आहे त्यांनी परमुलखातील उत्पन्नाचे पत्रक कचेरीत समक्ष भरावे. न भरल्यास अगर खोटे भरल्यास जागा सरकारजमा होईल." तो लिफाफा बोरदांड्याच्या कचेरीतून निघून राजधानीला गेला, तिथून डाकेनं फिरत-फिरत माणगावला, माणगावहून डाकवाल्याच्या पिशवीतून पायी शेवऱ्याला. अकरा दिवस. तरीवाल्या नामाच्या हातात दिला असता तर तंबाखू मळून होईपर्यंत पोचला असता.

सरकारी कागद म्हणजे पुरुषाचं काम, असं समजून अनंता गेला. पुढचं वर आलंच आहे.

रकाना ५. पाळीव जनावरे

नाहीत. मांजर धरलं नाही.

रकाना १. नाव

दुसरा लिफाफा नऊ दिवसांतच आला. मास्तरांनी तो आधी मनात वाचला, मग केसरकडे बघितलं, मग मोठ्यानं वाचला. होडी व जाळे असूनही उत्पन्न नाही हे असंभवनीय. सबब पत्रक खोटे दिसते. केसर कोम अनंता हिच्या नावची जागा सरकारजमा करून तिचा लिलाव का करू नये, याचा जाब कागद हाती पडल्यापासून तीन दिवसांत द्यावा.

"कोम म्हंजे?" केसरनं विचारलं.

बायको, मास्तर म्हणाले. अनंताची बायको केसर.

"खळं आईचं. आईनं माझ्या नावावर केलं. त्यात ह्यांचं नाव कशाला आलं?"

मास्तर म्हणाले, बाईचं नाव लिहिताना ते लागतंच. केसरनं लिफाफा घडी घालून ओटीत खोचला. लिलावात कोण बोली लावणार हे तिला मास्तरांनी सांगायला नको होतं. मक्ता घेतल्यापासून येसाजी सुकी मासळीही आपल्याच ताब्यात यावी म्हणून जागा शोधत होता, आणि वाऱ्याची जागा किनाऱ्याला एकच.

दुसऱ्या दिवशी भरतीला केसर एकटीच तरीच्या होडीत बसली. शेवऱ्याच्या राहीनं काठावरून विचारलं, कुठे गो चाललीस टोपलीशिवाय? केसर म्हणाली, नाव सांगायला.

रकाना ६. वर्ष

कचेरीत महालकरी खुर्चीवर, बाबाजी खाली बैठकीवर, दाराशी धर्मा शिपाई. आणि बाकावर येसाजी, जसा काही कचेरीचाच माणूस.

बाबाजीनं सांगितलं की पत्रक भरून झालंय, नवऱ्यानं भरलंय. केसर म्हणाली, जागा माझी, पत्रक माझं, नवं लिवा. बाबाजीनं वर बघितलं. महालकऱ्यांनी मान हलवली: लिही, बघू काय सांगते.

कोणत्या वर्षाचं उत्पन्न?

"नारळी पुनवेपासनं."

कुठपर्यंत?

"आगोट लागेपर्यंत. पावसाला होड्या वर वढीपर्यंत."

बाबाजीनं बोटं मोजली. हे तर नऊ-दहा महिने झाले. वर्ष बारा महिन्यांचं असतं. राहिलेले महिने कुणाचे?

"समुद्राचे," केसर म्हणाली. "त्याला इचारा त्याचं उत्पन्न."

दाराशी धर्मा हसला आणि लगेच खोकला.

रकाना ७. (दुसऱ्यांदा)

तिनं सगळं सांगितलं. ताजी मासळी किती टोपल्या, शेवऱ्याचा भाव किती, सुके बोंबील किती ओझी आणि ती कुठे-कुठे गेली. तिला लिहिता येत नव्हतं आणि विसरताही येत नव्हतं. कुठल्या दिवशी वारा पडला म्हणून माल काळा झाला, कुठला व्यापारी चवली कमी देऊन गेला, सगळं. बाबाजीचा टाक तिच्यामागे धावत होता. आकडा मोठा नव्हता. पण शून्यही नव्हता.

येसाजी बाकावरून म्हणाला, "बघा रावसाहेब. नवरा म्हणतो काय नाय, बायको म्हणते एवढं. एका घरातनं दोन तोंडं."

केसरनं त्याच्याकडे मान वळवली नाही. ती बाबाजीला म्हणाली, आकडा खरा हाय. कर काय बसंल तो घ्या. मी बुडवायला आले न्हाय.

महालकरी तसे वाईट माणूस नव्हते. त्यांना जेवायला जायचं होतं. त्यांनी शांतपणे समजावलं. हे बघ, एका घरची दोन पत्रकं. एकात शून्य, एकात रक्कम. यातलं एक खोटं आहे. कुठलं का असेना, खोटं पत्रक म्हणजे जागा सरकारजमा. हुकूम मी केलेला नाही.

"दोन्ही खरी हाईत."

ते कसं?

केसरनं सांगायला सुरुवात केली, होडीतला मासा आणि वाळूवरची टोपली. महालकऱ्यांनी हात वर केला. चालीरीती कचेरीत चालत नाहीत, रकाने चालतात.

रकाना ८. वजा खर्च

मीठ. दोर. बांबू. तरीचं भाडं, परदेशी जाण्यायेण्याचं. बाबाजीनं विचारलं, आणखी काही? केसर म्हणाली, या गावात होते तवा दर सोमवारी कचेरीत दोन पापलेटं फुकट दिली, ती लिवता का?

बाबाजीनं पुढचा रकाना घेतला.

रकाना ९. पदरी असलेली माणसे

म्हणजे जी स्वतः मिळवत नाहीत आणि मिळवणाऱ्याच्या जिवावर जगतात. बाबाजीनं छापलेलं वाचलं: म्हातारे आईबाप, अज्ञान मुले, बायको, लंगडेपांगळे, इतर. यांची नावे लिहावीत.

"मुलगी एक, काशी," केसर म्हणाली. मग ती थांबली. "परत वाचा."

बाबाजीनं परत वाचलं.

"त्यात नवरा कुठं हाय?"

नवरा कसा असेल, बाबाजी म्हणाला, हा रकाना नवराच भरतो.

"आज मी भरते हाय. जो मिळवत न्हाय तो पदरी, असं तुमीच वाचलंत. आमच्या ह्यांना उत्पन्न न्हाय, हे तुमीच तुमच्या अक्षरात लिवलंय. त्यांचं शून्य शून्य राहू द्या, माझा आकडा आकडा राहू द्या. आन् त्यांना हितं लिवा."

येसाजी मांडीवर थाप मारून हसला. महालकरी मात्र हसले नाहीत. त्यांनी पत्रक मागून घेतलं, नववा रकाना वाचला, सातवा वाचला, पहिल्या पत्रकाशी ताडून पाहिला. बसत होतं. तेच त्यांना आवडलं नाही.

त्यांनी दुसरा रस्ता काढला, आणि तो सोपा होता. अनंतानं येऊन सांगावं की माझी चूक झाली, उत्पन्न माझंच आहे. दोन रुपये दंड भरावा. हा तुझा सगळा आकडा त्याच्या नावावर लिहू. जागाही त्याच्या नावावर चढवू, म्हणजे पुढे घोटाळा नको. लिलाव रद्द. खळं घरातच राहील.

"माझ्या नावावर न्हाय राहनार."

घरातच राहील ना.

"आन् दुसरा रस्ता?"

महालकरी म्हणाले, नवव्या रकान्यातलं माणूस सज्ञान पुरुष असेल तर त्यानं स्वतः इथे येऊन, चार माणसांसमोर, मी हिच्या पदरी आहे असं कबूल करून अंगठा द्यायला हवा. परवा शेवटचा दिवस.

येसाजी उठला आणि धोतर झटकत म्हणाला, "केसरबाई, तो कोळी हाय. वादळात होडी घालंल, पन ह्या रकान्यात पाय नाय घालायचा."

रकाना २. धंदा

शेवऱ्याला अनंता तिवरांच्या कडेला जाळं पसरून बसला होता. भोक एवढं होतं की त्यातून माणूस गेला असता. केसर येऊन समोर बसली आणि तिनं दोन्ही रस्ते सांगितले, एकही शब्द न लपवता. कुठला घ्या ते म्हणाली नाही.

अनंता सुई घालत राहिला.

भोक अर्धं विणून झाल्यावर तो म्हणाला, "लंगडेपांगळे म्हनलं?"

"व्हय."

"त्यांच्या आधी लिवनार का मागनं?"

"मुलीच्या खाली."

त्यानं दोरा दातानं तोडला. मग त्याचा आवाज चढला. त्यानं काय-काय ऐकवलं. तीन वर्षांपूर्वी तू टोपली उचललीस म्हणून मी माझा गाव सोडला. पलीकडचे लोक अजून विचारतात, बायकोनं हाक मारली की कुठवर जातोस. आता छापील कागदावर जाऊ? नाक्यावरून जाताना पोरं म्हणतील, तो बघ पदरचा. होळीला माझ्यावर गाणं होईल. दरवर्षी होईल. तू म्हणतेस दोन्ही खरी. मला ठाऊक हाय दोन्ही खरी. पण खरं बोलायला मी कचेरीत एकदा गेलो होतो, त्याचं काय झालं ते बघ.

केसर ऐकत होती. मग तिनं एवढंच म्हटलं, "दोन रुपये दंडाचे मी देते. चूक झाली म्हना. मोकळे व्हा."

अनंतानं सुई खाली ठेवली.

"चूक कुठं झाली माझी?"

केसरनं जाळ्याचं एक टोक हातात घेतलं.

"न्हाय, सांग की. मी काय खोटं बोललो?"

"न्हाय."

"मग मी दंड भरू कशाचा?"

त्यानं पुन्हा सुई उचलली. अंधार पडेपर्यंत तो जाळंच शिवत राहिला. केसरला वाटलं, खळं गेलं. राहीपाशी तिनं तसं बोलूनही दाखवलं, की माणसाला किती वाकवायचं, त्याचाही काही हिशेब असतो, आणि आपला तो संपला. राही म्हणाली, मग दंड भरा की. केसर म्हणाली, त्यांना तेबी जमत न्हाय आन् मलाबी न्हाय. मी मक्त्याला कंटाळून गेले, खळ्याला न्हाय. दुसऱ्याच्या नावाच्या खळ्यावर मला बोंबील टांगता यायचे न्हाईत, तो दुसरा माझाच नवरा असला तरी.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तेव्हा अनंता घरात नव्हता. होडी जागेवर होती. ती काठावर गेली. तो तरीच्या होडीत पुढच्या फळीवर बसला होता, धुतलेला सदरा, तांबडी टोपी. नामा म्हणाला, हा भरती लागायच्या आधीपासून बसलाय, मला निघू देत नाही, म्हणतो घरातली येऊ दे.

रकाना ९. (पुरा)

कचेरीत आज माणसं जास्त होती. येसाजीनं बोलावलेली असावीत, किंवा बातमीनं आपली आपण आली असतील. वऱ्हांड्यात बोरदांड्याचे आठ-दहा कोळी उकिडवे बसले होते. अनंता त्यांच्यातून आत गेला तेव्हा कुणी तरी दबक्या आवाजात काही बोललं आणि सगळे हसले.

येसाजी मात्र उघड बोलला. "अनंता, चुडा भरून आलास का?"

अनंता सरळ बाबाजीच्या बैठकीपाशी गेला. महालकऱ्यांनी त्याला विचारलं, तुझी पहिली जबानी चुकीची होती असं तुला म्हणायचं आहे का? नीट विचार कर. हो म्हटलंस तर दोन रुपयांत सुटशील.

"बरोबर होती."

उत्पन्न नाही?

"न्हाय."

बाबाजीनं नववा रकाना काढला. काशी लिहिलेलं होतं. त्याखाली जागा होती. त्यानं केसरला विचारलं, पुढचं नाव सांग.

केसरनं तोंड उघडलं. पण नवऱ्याचं नाव ओठावर आणायचं नाही, ही सवय लग्नापासूनची, ती काही हुकमानं जात नाही. आणि तेही असल्या रकान्यासाठी, एवढ्या लोकांत. वऱ्हांड्यातले सगळे माना पुढे करून बघत होते.

"अनंता गुणाजी," तिच्या मागून अनंता म्हणाला. "लिवा."

बाबाजीनं टाक बुडवला.

"नातं लिवा. नवरा. वय लिवा, चाळीस. धट्टाकट्टा लिवा, लंगडापांगळा न्हाय. होडी वल्हवतो, जाळं टाकतो, पोट बायको भरते. मोठ्यानं वाचून दाखवा, भायेर ऐकू जाऊ द्या."

वऱ्हांड्यात पुन्हा हसू फुटलं. अनंता वळला. त्यानं एकेकाकडे बघितलं नाही, दाराशी उभ्या असलेल्या धर्मा शिपायाकडेच बघितलं. धर्मा बोरदांड्याचाच कोळी, पगारावर असला तरी.

"धर्मा, तुझा पगार कुठं असतो?"

धर्मानं महालकऱ्यांकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

"पेटीत."

"चावी?"

धर्मानं कमरेचा पट्टा सारखा केला. "तिच्या कंबरेला."

"आन् तुझी, दादू?" अनंतानं वऱ्हांड्यातल्या एका म्हाताऱ्याला विचारलं. म्हाताऱ्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. बाकीचे आता हसत नव्हते. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत होता, की आता कुणाचं नाव येतंय.

अनंता म्हणाला, "मला कागदावर लाज वाटत न्हाय. घरात वाटत न्हाय तर कागदावर कशाला? तुमाला वाटत असंल तर घरी जाऊन चावी मागून बघा."

येसाजी महालकऱ्यांना म्हणाला, हा पोरखेळ आहे, असलं पत्रक घेऊ नका. महालकरी पत्रकाकडे बघत होते. ते म्हणाले, हुकमात नवव्या रकान्यात 'इतर' असा शब्द छापलेला आहे, तो राजधानीतून आलेला आहे, मी खोडणार नाही. आणि येसाजी, तुम्हाला या कामात बोलावणं नव्हतं.

अनंतानं अंगठा शाईत बुडवला आणि असा दाबला की शाई कडेनं बाहेर आली. त्याच्या खाली केसरनं आपला.

रकाना १०. बसलेला कर

एक रुपया सहा आणे. केसरनं ओटीतून काढून मोजून दिले आणि पावती मागितली. बाबाजी म्हणाला, पावती माणगावच्या डाकेनं येईल. केसर म्हणाली, मी हितंच बसते. पावती येईपर्यंत ती बसली, म्हणजे बाबाजीनं तिथल्या तिथे लिहून दिली. पावतीवर त्यानं 'केसर' लिहिलं आणि टाक थबकला. तिनं कागदावर बोट ठेवलं. काय लिवता पुढं? कोम अनंता, तो म्हणाला, रीत आहे.

"गोदूबाईची केसर लिवा. आन् ह्यांच्या नावापुढं लिवा तुमचं ते कोम, लिवायचंच असंल तर."

बाबाजीनं 'केसर गोदूबाई' एवढंच लिहिलं.

रकाना ११. शेरा

"असे पत्रक या कचेरीत पूर्वी दाखल झालेले नाही. जागा केसर हिच्याकडे चालू ठेवावी."

यानंतर

कचेरीतून ती दोघं सरळ खळ्यावर गेली. लिलावाची तयारी येसाजीच्या माणसांनी आधीच केली होती. दोर सोडून ढीग घातला होता, बावीसपैकी तीन खांब उपटून बाजूला टाकले होते, आणि मधोमध कचेरीनं रोवलेल्या एका उंच नव्या बांबूवर जप्तीचं तांबडं फडकं लावलेलं होतं.

अनंतानं खड्डे उकरले, केसरनं खांब धरले, मग त्यानं धरले आणि तिनं भोवतीची वाळू पायानं ठोकली. दोन खांब उभे राहिले. तिसरा मोडलेला निघाला. केसरनं इकडेतिकडे बघितलं. मग ती मधल्या बांबूपाशी गेली, तो हलवून पाहिला. चांगला जाड होता, खोल रोवलेला. तिनं वरचं फडकं सोडून घडी केलं आणि दोराचं टोक बांबूला आवळलं.

राहीनं शेवऱ्याहून नामाच्या हातून पाठवलेले दोन टोपल्या बोंबील येऊन पडले होते, सकाळचे, अजून चकाकत होते. तिनं टांगायला सुरुवात केली. एकाचा जबडा उघडायचा, दुसऱ्याचा त्यात अडकवायचा, जोडी दोरावर टाकायची. अनंता टोपलीपाशी बसून निवडून देत होता. भाव त्यानं विचारला नाही.

तेवढ्यात धर्मा शिपाई वाळूतून धापा टाकत आला. त्याला हुकूम होता: फडकं आणि बांबू कचेरीत जमा करायचे. फडकं केसरनं लगेच त्याच्या हातात दिलं. बांबूवर तोवर वीसेक जोड्यांचं ओझं आलं होतं.

धर्मा म्हणाला, "केसरबाय, बांबू सरकारी हाय गो."

"असू दे," केसर म्हणाली. "आगोटीला ये न्यायला."